साताऱ्याचे गॅझेटिअर आणि माझे इंग्रजी वाचन : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

आजपासून या नोंदी ठेवण्यास आरंभ करीत आहे. एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षी मला जो लघुप्रबंध सादर करायचा आहे, त्याचा विषय १८७६-७७ च्या दुष्काळातील माण तालुका हा आहे, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक छापील साधने इंग्रजीत आहेत. माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी विषयात मी दरवर्षी उत्तीर्ण होत आले. परंतु पाठ्यपुस्तकाबाहेरचे पान सलग वाचून त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मार्गदर्शक सरांनी जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, साताऱ्याचा १९ वा खंड (१८८५) आधी वाचण्यास सांगितले. कोणाकडून तरी भाषांतर करून घ्यावे, असे घरातून सुचवण्यात आले होते. तो मार्ग मी स्वीकारला नाही, कारण साधनाचा अर्थ दुसऱ्याने लावायचा आणि निष्कर्ष मी काढायचे, हे इतिहासाच्या अभ्यासात मला योग्य वाटत नाही.

प्रारंभीची स्थिती नोंदवून ठेवण्यासाठी पहिल्या प्रकरणातील एक पान घड्याळ लावून वाचले. त्यास ५० मिनिटे लागली आणि दर शंभर शब्दांमागे सरासरी १४ शब्द अनोळखी निघाले. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात असे आढळले होते की, कथात्मक मजकूर कोशाच्या मदतीशिवाय नीट समजण्यासाठी वाचकाला त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ठाऊक असावे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी शब्द चालतात. माझे १४ म्हणजे सातपट झाले. पंधरा आठवड्यांत वर्णन, शेती आणि जमीन ही तीन प्रकरणे, लोकसंख्येच्या प्रकरणातील निवडक भाग आणि माण उपविभागाचा मजकूर पूर्ण करण्याचे ठरवले आहे.

१४ जून २०२४

शब्दांसाठी पेटी तयार केली. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे : पेटीचे पाच कप्पे करायचे, प्रत्येक शब्दाचे कार्ड पहिल्या कप्प्यात ठेवायचे, अर्थ आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि चुकला की ते पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, आणि पुढचे आणखी अंतराने पाहायचे. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डे केली. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका पेटी म्हणून पुरेसा आहे.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांच्याविषयी थोडे वाचले. इंग्रजीतील नेहमीच्या सुमारे दोन हजार शब्दांची १९५३ ची यादी त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु त्याआधी ते ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि बंगालमधील विद्यार्थ्यांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज अधिक आहे, असे त्यांचे मत तिथल्या अनुभवातून बनले होते. माझी गरजही आज तीच आहे.

२१ जून २०२४

पहिल्या प्रकरणाचे वाचन चालू आहे. या आठवड्यात जे शब्द अनोळखी होते त्यांनी फारसा त्रास दिला नाही, कारण त्यांच्यासाठी मी कोश उघडला. त्रास दिला तो ओळखीच्या शब्दांनी. ‘राइझ’ म्हणजे उठणे हे मला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून नदीच्या संदर्भात तो शब्द आला तेव्हा मी पुराने पाणी चढल्याचा अर्थ घेतला. प्रत्यक्षात माण नदी महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावते, एवढेच तिथे सांगायचे होते. ‘बेड’ म्हणजे नदीचे पात्र, ‘स्पर’ म्हणजे मुख्य रांगेतून फुटलेला डोंगराचा फाटा. ‘टँक’ या शब्दाशी मराठी मन रणगाडा किंवा गच्चीवरची टाकी जोडते, परंतु इथे त्याचा अर्थ तलाव. आमच्या भागात ज्याला राजेवाडीचा तलाव म्हणतात, तोच जुन्या इंग्रजी कागदांत म्हसवड टँक म्हणून येतो, हे लक्षात आल्यावर तो शब्द मला कार्डावर लिहावाही लागला नाही.

यावरून एक नियम केला : ओळखीच्या शब्दाचा ठाऊक असलेला अर्थ वाक्यात बसवून पाहायचा, आणि वाक्य अडखळले तर त्या शब्दाला अनोळखी मानून कोशात त्याचे सर्व अर्थ वाचायचे.

३० जून २०२४

शेतीच्या प्रकरणाला सुरुवात केली. ‘पल्स’ म्हणजे नाडी नव्हे तर कडधान्य. ‘ग्राम’ म्हणजे वजनाचे माप नव्हे तर हरभरा. ‘स्टॉक’ म्हणजे शेतकऱ्याजवळची गुरे व अवजारे. ‘वेस्ट’ म्हणजे पडीक जमीन. ‘इंडियन मिलेट’ ही ज्वारी आणि ‘स्पाइक्ड मिलेट’ ही बाजरी, हे समजल्यावर आणि कणसाचा आकार डोळ्यांसमोर आल्यावर दोन्ही नावे एकदाच वाचून पाठ झाली. ‘हजबंडमन’ या शब्दात मला पती दिसला होता. त्याचा अर्थ शेतकरी आहे. प्रकरणांच्या शीर्षकांतही अशीच गफलत होते. ‘कॅपिटल’ या प्रकरणात राजधानीची माहिती शोधू गेले, तर तिथे सावकारी, व्याज आणि मजुरी निघाली. ‘इन्स्ट्रक्शन’ म्हणजे सूचना नसून शिक्षण.

हे सर्व शब्द माझ्या घरातल्या आणि शिवारातल्या वस्तूंचे आहेत. मी जिच्या बांधावर वाढले, त्या बाजरीचे इंग्रजी नाव मला पदवी मिळेपर्यंत कोणी शिकवले नाही, याचे आज वाईट वाटले.

१० जुलै २०२४

गेले दहा दिवस वेग वाढत नव्हता. पानामागे अनोळखी शब्द कमी होऊनही वाक्ये उलगडत नव्हती, म्हणून मी दोन दिवस नवे वाचन थांबवले आणि जी वाक्ये अडली होती ती वहीत उतरवून काढली. त्यांतील बहुतेक वाक्यांत प्रत्येक शब्द मला ठाऊक होता. अडचण रचनेची होती. मराठीत विशेषण-वाक्य सहसा नामाच्या आधी येते; ‘जी जमीन नदीकाठी आहे ती’ असे आपण म्हणतो, आणि ‘जी’ ऐकताच पुढे ‘ती’ येणार याची वाट पाहतो. इंग्रजीत नाम आधी येऊन जाते आणि त्याचे वर्णन मागून लांबत राहते; कित्येकदा ‘विच’ किंवा ‘हू’ हा जोडणारा शब्दही गाळलेला असतो, त्यामुळे वर्णनातले धातुसाधित मला मुख्य क्रियापद वाटते. त्यात गॅझेटिअरची एक सवय अशी की, दिशा किंवा स्थळ आधी सांगून क्रियापद आणि मग कर्ता ठेवायचा. पश्चिमेस काय पसरले आहे, हे वाक्याच्या शेवटी कळते.

यावर उपाय मला इंग्रजीच्या पुस्तकात नव्हे, तर मराठीच्या वर्गात मिळालेल्या शिक्षणात सापडला. शाळेत मोरोपंतांच्या आर्या शिकवताना आमच्या बाई आधी अन्वय लावून घेत असत. अर्थ विचारण्यापूर्वी कर्ता कोणता, क्रियापद कोणते, कोणते विशेषण कोणत्या नामाचे, हे सांगावे लागे, आणि शब्द वाटेल त्या जागी विखुरलेले असले तरी विभक्तीच्या आधाराने ते जुळत. इंग्रजीत विभक्तीचा आधार नाही, त्याची जागा शब्दांच्या क्रमाने आणि ‘ऑफ’, ‘फ्रॉम’, ‘बाय’ अशा छोट्या शब्दांनी घेतली आहे. परंतु अन्वयाची शिस्त तशीच लागू पडते. आता मी लांब वाक्याखाली आधी मुख्य क्रियापदाला दुहेरी रेघ मारते, मग ‘कोण’ किंवा ‘काय’ असा प्रश्न विचारून कर्ता शोधते, आणि उरलेला प्रत्येक तुकडा कोणत्या नामाला किंवा क्रियापदाला लटकला आहे ते बाणाने दाखवते. ‘द फॉर्मर’ आणि ‘द लॅटर’ आले की बाण मागे नेऊन आधी आलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली आणि दुसरी यांच्याशी जोडते.

काल संध्याकाळी अकरा ओळींचे, तीन अर्धविरामांचे एक वाक्य अशा रीतीने सोडवले. त्यास पंचवीस मिनिटे लागली, पण पूर्ण झाल्यावर ते मला मराठीत एका दमात सांगता आले.

१९ जुलै २०२४

माझी वर्गमैत्रीण दर आठवड्याला मी वाचलेल्या भागावर पाच प्रश्न काढते आणि मी पुस्तक मिटून उत्तरे लिहिते. या आठवड्यात पाचांपैकी दोनच उत्तरे बरोबर आली. चुका तपासल्या तेव्हा तिन्ही चुका अगदी लहान शब्दांच्या निघाल्या.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक मराठीत ‘थोडेच’ आणि ‘थोडेसे’ यांच्यासारखा आहे : पहिला उणीव सांगतो, दुसरा अस्तित्व. मी दोन्हींचा अर्थ ‘काही’ असा घेतला, त्यामुळे विहिरी जवळजवळ नसलेल्या गावांत मी काही विहिरी कल्पिल्या. ‘ऑल बट’ म्हणजे ‘जवळजवळ’. त्यातल्या ‘बट’चा ‘पण’ असा अर्थ घेऊन मी वाक्य मोडले. तिसरी चूक ‘अन्टिल’ची. ‘पाऊस पडत नाही तोपर्यंत’ असे म्हणताना मराठीत नकार बोलून दाखवला जातो. इंग्रजीत तो ‘अन्टिल’च्या पोटातच असतो आणि वेगळा येत नाही. मराठी सवयीने नकार शोधत राहिल्यामुळे मी घटनांचा क्रम उलटा लावला.

अशा शब्दांना कार्डाचा उपयोग होत नाही, कारण एकट्या शब्दाचा अर्थ पाठ होतो आणि वाक्यात तो निसटतो. त्यांच्यासाठी वेगळी वही केली असून तीत प्रत्येक शब्दाखाली आमच्या गावच्या परिस्थितीवर मी स्वतः तीन वाक्ये रचते.

२ ऑगस्ट २०२४

जमिनीच्या प्रकरणात ‘एलिअनेटेड’ हा शब्द वारंवार येतो. कोशात ‘परका झालेला’, ‘दुरावलेला’ असे अर्थ मिळाले. गावे दुरावलेली असणे म्हणजे काय, हे मला चार दिवस उमगले नाही. आधी वाटले की, ही दुसऱ्या संस्थानाकडे गेलेली गावे असावीत. मग वाटले की, ओस पडलेली असावीत. दोन्ही अर्थ घालून पाहिले, तर महसुलाच्या आकड्यांशी ते जुळेनात. माझ्या नियमाप्रमाणे कोशातील सर्व अर्थ वाचले होते. तरीही वाट सापडली नाही.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, तलाठी म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना इंग्रजी फारसे येत नाही. मी शब्दाऐवजी त्या परिच्छेदाचा सारांश सांगितला : ज्या जमिनीचा सारा सरकारने पूर्वी कोणाला तरी देऊन टाकला आहे आणि जिच्यावर सरकारला पूर्ण आकार मिळत नाही, अशी जमीन. आप्पा लगेच म्हणाले, “अगं, ही तर दुमाला जमीन. गाव नमुना तीन.” गाव नमुना तीन म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, आणि इनाम जमिनींचा हिशोब तीत असतो. मी म्हटले, “आप्पा, अशा जमिनीवर थोडीशी रक्कम मात्र सरकारला मिळते, असे पुढे आहे.” “ती जुडी,” आप्पा म्हणाले. ज्या ‘क्विट-रेंट’ या शब्दापुढे मी प्रश्नचिन्ह टाकले होते, त्याचे उत्तर असे एका शब्दात मिळाले. मग आम्ही दोन तास बसलो. ‘सेटलमेंट’ म्हणजे वसाहत नव्हे, तर जमाबंदी, आणि मुंबई इलाख्यात ती साधारणपणे तीस वर्षांसाठी ठरत असे. ‘होल्डिंग’ म्हणजे खाते. ‘ड्राय-क्रॉप’ म्हणजे जिराईत आणि ‘गार्डन लँड’ म्हणजे बागायत, यात बागेचा संबंध नाही.

घरी परतल्यावर या मराठी शब्दांवरून उलट शोध घेतला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. म्हणजे त्यातले इंग्रजी गॅझेटिअरच्या इंग्रजीला आजच्या कोशांपेक्षा पुष्कळ जवळचे आहे. यापुढे महसुली शब्द अडला तर आधी आशयावरून मराठी शब्दाचा अंदाज करायचा, तो आप्पांकडून तपासून घ्यायचा, आणि मग मोल्सवर्थमध्ये त्या मराठी शब्दापुढे कोणते इंग्रजी दिले आहे ते पाहायचे, असा क्रम ठरवला आहे.

११ ऑगस्ट २०२४

आकड्यांची एक छोटी बाब. रकमा आधी पौंडांत आणि मग रुपयांत दिलेल्या आहेत, आणि एक पौंड म्हणजे दहा रुपये असा हिशोब धरला आहे. हे सुरुवातीलाच लक्षात आले असते तर दोन तक्ते पुन्हा करावे लागले नसते. गावांच्या नावांतील ‘ए’ या अक्षरावरची तिरपी रेघ म्हणजे दीर्घ ‘आ’. ती पाहून ‘माण’ आणि ‘मण’ यांतला घोटाळा टळतो.

१८ ऑगस्ट २०२४

दुष्काळाचा भाग वाचला. याच पानांसाठी हा सर्व खटाटोप चालू होता, म्हणून ती तीन वेळा वाचली : एकदा न थांबता, एकदा अन्वय लावून, आणि एकदा मराठी सारांश लिहून झाल्यावर त्याच्याशी ताडून.

तिथे ‘फेल’ हा शब्द पावसाला लावला आहे. शाळेत नापास होण्याशी जोडलेला हा शब्द मी ‘पाऊस अयशस्वी झाला’ असा उतरवला होता. ते वाक्य मराठी कानाला सहन होईना, म्हणून खोडले आणि ‘पावसाने ओढ दिली’ असे लिहिले. मराठी वाक्य बरोबर लागले की इंग्रजीचा अर्थ लागला, ही कसोटी मला कोशापेक्षा अधिक भरवशाची वाटू लागली आहे.

‘रेमिशन’ आणि ‘सस्पेन्शन’ यांचा घोटाळा मात्र गंभीर होता. दोन्हींचा अर्थ मी ‘माफी’ असा धरून सारांश लिहिला. आप्पांनी तो वाचून विचारले की, सूट दिली की तहकुबी? सूट म्हणजे सारा सोडून दिला. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलली आणि पुढच्या हंगामात ती होणारच. शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माझ्या प्रबंधाचा निष्कर्षच या एका शब्दावर उलटला असता. ‘रेमिशन’ ही सूट आणि ‘सस्पेन्शन’ ही तहकुबी, ही जोडी आता पेटीत नव्हे, वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे.

‘रिलीफ’ हाही असाच शब्द. कोशातील पहिला अर्थ आराम. ‘रिलीफ वर्क’ म्हणजे आपण ज्याला दुष्काळी काम म्हणतो ते, आणि त्यात आराम कुठेच नव्हता. जानेवारी १८७७ मध्ये, दुष्काळी भागांच्या पाहणीसाठी सरकारने पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेल्या दरानुसार कष्टाच्या पूर्ण दिवसाला पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा एवढीच होती. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. हा ‘पौंड’ वजनाचा, आणि तक्त्यांतला पौंड पैशाचा. पहिल्या वाचनात मी इथेही थबकले होते. अर्थ लागल्यावर पुढचे वाचन त्या दिवशी झाले नाही. खडी फोडायला गेलेल्या आमच्या पणजीच्या सासूच्या गोष्टी घरात ऐकल्या आहेत, आणि त्या गोष्टींची इंग्रजी बाजू मी प्रथमच स्वतः वाचत होते.

३० ऑगस्ट २०२४

लोकसंख्येच्या प्रकरणातून कुणबी व मराठा यांच्यावरील भाग वाचला. या प्रकरणात जातीजातींच्या स्वभावाविषयी सरसकट विधाने आहेत : कोण मेहनती, कोण काटकसरी, कोण अस्वच्छ. शब्द सोपे आहेत आणि वाक्येही लहान आहेत, त्यामुळे वेग चांगला आला. परंतु मैत्रिणीने प्रश्न विचारला की, हे कोण म्हणते आहे? मला उत्तर देता आले नाही. पुन्हा वाचताना ‘आर सेड टु’, ‘सीम’, ‘अपिअर’, ‘सपोज्ड’ असे शब्द हिरव्या पेन्सिलीने खुणावले. ‘असे म्हणतात’, ‘असे दिसते’ आणि ‘आहे’ ही तीन वेगवेगळ्या वजनांची विधाने आहेत. मी माझ्या टिपणांत सर्वांना ‘आहे’ करून टाकले होते. शब्दार्थ बरोबर आणि वाचन चूक, असा हा प्रकार होता. टिपणांची चौदा पाने पुन्हा लिहिली.

८ सप्टेंबर २०२४

गणपतीच्या सुट्टीत पेटीची मोजणी केली. एकूण ४१२ कार्डे झाली असून शेवटच्या कप्प्यात २३८ पोहोचली आहेत. ज्या ६० शब्दांना मी जूनमध्ये केवळ यादीतून उचलले होते, त्यांतले ३७ अजून पहिल्या दोन कप्प्यांतच फिरत आहेत. उलट आप्पांबरोबर बसून मिळालेल्या ४५ महसुली शब्दांपैकी फक्त चार मागे आहेत. यादीतले शब्द काढून टाकले. ते पुन्हा एखाद्या वाक्यात भेटतील तेव्हा त्यांचे कार्ड होईल.

२२ सप्टेंबर २०२४

पहिल्या दिवसाप्रमाणेच घड्याळ लावून न वाचलेले एक पान घेतले. वेळ १७ मिनिटे. दर शंभर शब्दांमागे अनोळखी शब्द चार. मैत्रिणीच्या पाच प्रश्नांपैकी चार उत्तरे बरोबर आली. याच खंडातले हे आकडे आहेत, दुसऱ्या प्रकारच्या इंग्रजीला ते लागू होणार नाहीत, याची जाणीव ठेवून उद्या वृत्तपत्रातील अग्रलेखाचे एक पान असेच मोजून पाहणार आहे.

संध्याकाळी माण उपविभागाचा मजकूर इंग्रजीतून पाहत थेट मराठीत आप्पांना वाचून दाखवला. मध्ये एकदाही कोश उघडावा लागला नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. लागवडीखाली न येणाऱ्या जमिनीच्या आकड्यापाशी मी ‘पडीक’ म्हटले, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले. पडीक जमीन कसता येते पण कसलेली नसते, आणि जी कसताच येत नाही ती पोटखराब, असे त्यांनी सांगितले. मी मागे जाऊन पाहिले. इंग्रजी शब्द ‘वेस्ट’ नव्हता, ‘अनअरेबल’ होता. दुरुस्ती करून ते वाक्य पुन्हा वाचले आणि पुढे सरकले.